पडण्याचे गुण

रिंगमध्ये कोणी पडलं की सगळा हॉल उभा राहायचा. खुर्च्या मागे सरकायच्या, पोरं बाकांवर चढायची, आया तोंडावर हात ठेवायच्या. मणियार सर तेवढे बसून असायचे. पुढ्यातल्या कागदावर पेन्सिलने एक बारीक उभी रेघ ओढायचे. आधीच्या प्रत्येक ठोशाला जेवढी रेघ, तेवढीच ही. लांब नाही, ठळक नाही. मग पेन्सिल खाली ठेवून रेफ्रीचे आकडे ऐकत राहायचे, एक, दोन, तीन, स्टेशनवर दुसऱ्याच कुठल्या गाडीची घोषणा ऐकावी तसे.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. ते गेले तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली आणि दोघातिघांनी मला फोन केले. "बोरस्ते मॅडम, तुम्ही त्यांच्या जवळच्या. स्मरणिकेला दोन पानं लिहून द्या ना, छान काहीतरी." मी दिली नाहीत. छान लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पण ते लिहिताना बाकीचं झाकावं लागलं असतं, आणि त्या झाकण्यात माझीही सोय होती. म्हणून हात आखडला.

हमीद मणियार मूळचे नांदगावचे. घरात बांगड्यांचा धंदा. वडील बाजाराच्या दिवशी टोपली मांडून बसायचे आणि लहानपणी सर त्यांच्या शेजारी. मनगट बघून बांगडीचं माप सांगायची सवय तिथे लागली, ती पुढे पोरांच्या वजनावर चालली. पोरगं काट्यावर चढायच्या आत सर सांगायचे, "साडेसत्तावन्न. पोहे दाबून आलास. जा, मैदानाला दहा चकरा मार आणि मग ये." काटा क्वचितच त्यांच्याविरुद्ध जायचा.

तोफखान्यात नोकरी झाली, तिथेच बॉक्सिंग शिकले, रेजिमेंटकडून खेळले, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि देवळाली कॅम्पातच घर करून राहिले. पलीकडे तोफांचा सराव चालू झाला की त्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. सर बोलताना थांबायचे, आवाज विरला की वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे न्यायचे. एक शब्दही मागेपुढे व्हायचा नाही. रागावले तरी आवाज चढायचा नाही. "आपण बघून घेऊ" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. जे बघायचं ते ते आत्ताच बघत.

मी नाशिकच्या एका शाळेत खेळ शिकवते. शाळेतल्या मुली बॉक्सिंग मागायला लागल्या म्हणून मी त्यात पडले, नाहीतर मी कबड्डीची. जज होण्यासाठी तीन दिवसांचा वर्ग कॅम्पात भरला होता आणि शिकवायला मणियार सर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावर एका जुन्या लढतीची एक फेरी दाखवली आणि आम्हा बारा जणांना गुण द्यायला सांगितले. फेरी संपता संपता लाल कोपऱ्यातल्या पोराने हनुवटीवर ठोसा खाल्ला आणि तो मटकन बसला. मी बेधडक निळ्याला दहा आणि लालला आठ दिले.

सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, लाल पडला कधी?"

"शेवटी शेवटी."

"म्हणजे पावणेतीन मिनिटं उभा होता. तेव्हा काय करत होता?"

मला काही आठवेना. खरंच आठवेना.

"मारत होता," सर म्हणाले. "एकोणीस ठोसे बसले त्याचे. निळ्याचे सात, त्यातला एक हा. माणूस पडला की बघणाऱ्याला त्याचं आधीचं सगळं विसरायला होतं. लोकांनी विसरावं. जजला ती मुभा नाही."

फेरी पुन्हा लावली तेव्हा मी मोजले. एकोणीस आणि सात.

आमच्या हौशी बॉक्सिंगचा नियमही तोच आहे. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, फारच एकतर्फी झाली तर आठ किंवा सात. पाडलं म्हणून वेगळा गुण नाही. पाडणारा ठोसा हा चांगल्या ठोशांपैकी एक ठोसा, बस. पोरं मोबाइलवर परदेशातल्या व्यावसायिक लढती बघायची आणि सरांशी वाद घालायची. "सर, तिकडे पडला की सरळ दहा-आठ असतं." सर म्हणायचे, "तिकडे लोक पडताना बघायलाच तिकीट काढतात. तुम्ही खेळायला आलात की पडायला?"

स्पर्धेच्या दिवशी ते घरून थर्मास आणायचे. निकाल लागेपर्यंत आयोजकांचा चहा नाही, पालकांचा नमस्कारसुद्धा घ्यायचे नाहीत, नजर जमिनीकडे. एकदा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा रिंगमध्ये होता. सरांनी त्या लढतीला बसायला नकार दिला, पण दुसरा जज आलाच नव्हता. भाच्याने शेवटच्या फेरीत समोरच्याला असा पाडला की नांदगावहून आलेली माणसं नाचायला लागली. सरांनी फेरी पडलेल्याला दिली. भाचा एका कार्डाने हरला. बहिणीने पुढे दोन ईदा त्यांच्या घरी शिरखुर्मा पाठवला नाही. हे सांगताना सरांचा चेहरा जराही हलला नाही. "पाडलं ते छान पाडलं. पण त्याआधी त्याने अडीच मिनिटं मार खाल्ला, ते कोणी खाल्लं? मी?"

आम्हा नव्या जजना त्यांचा अभिमान होता. सरळ माणूस आपल्या बाजूला बसलेला असला की बरं वाटतं. आपणही सरळ आहोत असं वाटायला लागतं. मी तर त्यांच्यासारखी पेन्सिल आणि त्यांच्यासारखा रेघांचा कागद वापरायला लागले. पुढेपुढे असं व्हायचं की लढत संपल्यावर आमची दोघांची कार्डं जुळायचीच. सहकारी चेष्टा करायचे. मला ती चेष्टा मानाची वाटायची.

किरण गांगुर्डे निफाडजवळच्या एका खेड्यातला. वय अठरा. आई मंदाताई द्राक्षबागांत मजुरीला जायची, वडील नव्हते. पोरगं लांब हातांचं, हसरं, आणि मागे सरकत मारणारं. असं मारणं शिकवून येत नाही. तो काही सरांचा विद्यार्थी नव्हता. सरांनी त्याला कधी एक शब्दही शिकवला नाही, हे सांगणं भाग आहे, कारण नंतर लोक काहीही बोलले.

ती स्पर्धा एका बॉक्सिंग मंडळाने भरवलेली होती. मंडळाचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी उपांत्य लढत. पाच जज, त्यात एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मी. पहिली फेरी किरणची, दुसरी समोरच्याची, त्यामुळे सगळं तिसऱ्यावर आलं. तिसऱ्या फेरीत किरण सुंदर खेळला. समोरचा पुढे आला की हा डावा हात लावून मागे, पुन्हा लावून मागे. माझ्या कागदावर त्याच्या रेघा ओळीने वाढत होत्या. फेरीला वीसएक सेकंदं उरली असतील. समोरच्या पोराचा उजवा हात वळून आला आणि किरणच्या कानशिलावर बसला. किरणचे गुडघे आधी गेले, मग तो बसला. चारला उठला. नियमाप्रमाणे रेफ्रीने आठपर्यंत मोजलं, त्याचे हात चाचपले, काहीतरी विचारलं. किरणने मान डोलावली. उरलेली सेकंदं तो दोरांना टेकून काढत राहिला. घंटा झाली.

हॉल समोरच्या पोराच्या नावाने ओरडत होता. मी माझ्या कागदाकडे बघितलं. रेघा किरणच्या जास्त होत्या. माझा हात जरा अडला, तेही खरं. मी मान वळवून सरांकडे बघितलं. त्यांचं कार्ड मला दिसत नव्हतं, पण ते काय असणार हे मला ठाऊक होतं. मी किरणला दहा दिले आणि समोरच्याला नऊ.

किरण तीन विरुद्ध दोन असा जिंकला. तीन कार्डांतलं एक सरांचं, एक माझं.

समोरच्या पोराचा कोच रिंगपाशी येऊन ओरडायला लागला. "पडलेला जिंकतो का कुठे? डोळे फुटले का?" आयोजक घाबरले. त्यांनी सरांच्या हातात माइक दिला. सर उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे सगळ्या हॉलला नियम समजावून सांगितला. "पडणं हा गुन्हा नाही. पडणं हा एक ठोसा आहे. जो पडून उठला, त्याचं आधीचं काम पुसायचा हक्क कोणालाही नाही." टाळ्या पडल्या. कोणीतरी ते मोबाइलवर घेत होतं.

रिंगजवळच्या डॉक्टरने किरणच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, बोटं मोजायला लावली, कागदावर सही केली. डोक्याला मार लागून लढत थांबवली गेली असती तर किरणला महिनाभर खेळता आलं नसतं. पण लढत थांबली नव्हती. किरण जिंकला होता. जिंकलेल्याला कोण थांबवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या रांगेत किरण माझ्यापुढे आला. "मॅडम, फायनल कितीला हाय?"

"साडेअकरा."

त्याने पोह्यांची प्लेट घेतली, दोन पावलं गेला, परत आला. "मॅडम, फायनल कितीला हाय?"

मी हसले. म्हटलं, घाबरलंय पोरगं. पण ते हसू पुरतं उमटलंच नाही. मी सरांना जाऊन सांगितलं. सर थर्मासचं झाकण उघडत होते.

"डॉक्टरने बघितलंय ना?"

"काल बघितलंय."

"मग डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्या. आपण जज. आपण खेळाडूच्या तब्येतीत पडलो तर उद्या लोक म्हणतील, ह्याला बसवला, त्याला खेळवला."

ते बरोबर होतं. त्यांचं सगळंच बरोबर असायचं. मी चहा घेऊन माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

फायनलच्या दुसऱ्या फेरीत किरणने एक साधा सरळ ठोसा खाल्ला. असले ठोसे तो सरावात रोज पन्नास खात असेल. तो पडलाही नाही. फेरी संपल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, कोचने तोंडाशी धरलेलं पाणी हनुवटीवरून ओघळलं, आणि तिसऱ्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो उठला नाही. डोक्यात रक्त साकळलं होतं. रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, मार आदल्या दिवशीचा असणार, आज त्याला फक्त निमित्त मिळालं. कवटी उघडावी लागली. पोरगं वाचलं. उजवा हात आणि उजवा पाय मात्र अर्धाच परत आला. शब्द तर त्याहून कमी आले.

मंडळाने चौकशी केली. डॉक्टरची सही होती, रेफ्रीने आठ मोजले होते, कोचने संमती दिली होती, जजनी नियमाप्रमाणे गुण दिले होते. सगळ्यांचे कागद बरोबर निघाले. कोणीच चुकलं नाही आणि एक पोरगं खाटेवर पडलं.

त्या दिवसांत मी सरांच्या घरी गेले होते. सर नमाजला गेले होते. त्यांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, मला बसवलं आणि त्या आपणहून बोलायला लागल्या. "मॅडम, ये आज का नहीं है. लग्नाच्या आधीची गोष्ट, हे बावीसचे होते. रेजिमेंटची फायनल होती. ह्यांनी तीनही राउंड मारलं, शेवटी पाय घसरल्यासारखे खाली बसले. एक सेकंद. उठले, पुन्हा मारलं. वरच्या साहेबांनी दुसऱ्याचा हात वर केला. पडला तो हरला म्हणाले. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात हेच. झोपेतसुद्धा मोजतात."

सरांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. इतकी वर्षं मी ज्याला न्याय म्हणत होते त्यात एका बावीस वर्षांच्या शिपायाचा राग मुरलेला होता. राग खोटा नव्हता. पण त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या पोराने मोजली.

किरण खाटेवर पडल्यापासून सर बदललेच होते. त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं, स्वतःच्या हाताने, चार पानं. म्हणणं एवढंच: डोक्यावरच्या ठोशाने ज्याच्यावर रेफ्रीला आकडे मोजावे लागले, तो ती फेरी हरलाच पाहिजे, तीही दोन गुणांनी. आधी कितीही मारलेलं असो.

बैठक झाली. वीसेक जण होतो. सरांचं बोलणं संपल्यावर सेक्रेटरी हसून म्हणाले, "सर, तुमचं उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंय," आणि त्यांनी मोबाइल माइकला लावला. 'पडणं हा गुन्हा नाही. पडणं हा एक ठोसा आहे.' सगळ्या खोलीत सरांचाच आवाज. दोघंतिघं हसले. सर ते संपेपर्यंत ऐकत बसले.

एक तरुण जज उठला. पोरगा हुशार होता, त्याने चेष्टा केली नाही. "सर, पडलेल्याला विश्रांती द्या, महिनाभर बसवा, त्याचा वेगळा नियम करा. गुणांना कशाला हात लावता? गुण म्हणजे खेळ कोण चांगला खेळला ते."

"मीही हेच म्हणत होतो," सर म्हणाले. "विश्रांतीचा नियम करा, आणि मग बघा कोण पाळतं. समोर मेडल असलं की पोरगं म्हणतं, मला काही होत नाही. कोच म्हणतो, तो पडला नाही, घसरला. आई-बाप म्हणतात, खेळू द्या. डॉक्टरला सगळे घेरतात. सगळे खोटं बोलतात, मायेने बोलतात. पण गुण लागले की गुण लागले. हरलेला माणूस बॅग भरतो आणि घरी जातो. त्याला दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये कोणी चढवत नाही. किरण हरला असता तर घरी गेला असता. मी त्याला घरी जाऊ दिलं नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "भावना समजल्या," आणि पुढचा विषय घेतला. मी सरांच्या शेजारीच बसले होते. मी त्यांची बाजू घेतली नाही. माझी बढतीची परीक्षा त्याच मंडळाकडून व्हायची होती. हे कारण मी आज लिहिते आहे, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या स्पर्धेत सरांनी स्वतःचाच नियम चालवला. जो पडला त्याला आठ. दोन लढतींत त्यांचं कार्ड बाकी चौघांच्या विरुद्ध गेलं. दुपारच्या सुट्टीत आयोजकांनी त्यांना रिंगमध्ये बोलावून शाल आणि नारळ दिला, दीर्घ सेवेबद्दल. आमच्याकडे माणूस नको झाला की त्याला शाल देतात. दुपारनंतर त्यांच्या खुर्चीवर दुसरा जज होता. सर शाल हातावर टाकून प्रेक्षकांत बसले. पडणाऱ्याकडे आता टक लावून बघायचे. तो उठून चालायला लागेपर्यंत त्यांचं काही हलायचं नाही.

दर गुरुवारी ते कॅम्पातून बस धरून नाशिकला आणि तिथून दुसऱ्या बसने निफाडला जायचे. तिथून किरणचं घर दोन कोस चालत. पहिले दोन महिने मंदाताईंनी त्यांना ओट्यावरून आत घेतलं नाही. सर ओट्यावरच बसायचे. तिसऱ्या महिन्यात किरणच त्यांना बघून भिंतीला धरत बाहेर आला. मग सर त्याला चालवायला लागले, अंगणात, दहा पावलं जा, दहा पावलं ये. उजव्या हातात चमचा धरायला शिकवलं. आणि दर गुरुवारी किरण त्यांना एकच विचारायचा. शब्द जुळवायला त्याला वेळ लागायचा. "सर... मी... जिंकलो ना?"

सर म्हणायचे, "जिंकलास."

खोटं नव्हतं ते. कार्डावर तसंच होतं.

एका गुरुवारी मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. फेब्रुवारी होता, बागांतून काढणी चालली होती, क्रेटने भरलेल्या पिकअप रस्त्याने धावत होत्या. मंदाताई कामावर गेल्या नव्हत्या. आमचीच वाट बघत उभ्या होत्या.

"सर, राग नका धरू," त्या म्हणाल्या. "पण तुमी आता येत नका जाऊ."

सरांनी विचारलं, काय झालं.

"तुमी दिसले का तो उठतो. मुठी वळून उभा राहतो. त्याला वाटतं पुन्हा खेळायला न्यायला आले. तुमी गेल्यावर बी दोन दोन दिस नाचत राहतो. तीनदा पडलाय आंगनात. मंगळवारी कपाळ फुटलं, चार टाके हाय. डॉक्टर म्हणले, पुन्हा डोक्यावर पडला तर आमच्या हातात काय नाय. मी बागंत असते. घरी कोन धरायला हाय त्याला?"

सरांनी ओट्याशी चपला काढल्या. मग म्हणाले, "एकदा भेटू द्या. मग नाही येणार."

किरण खाटेवर बसला होता, कपाळावर पट्टी. सरांना बघून त्याचा चेहरा उजळला. डावा हात टेकून तो उठला, उभा राहिला, दोन्ही मुठी वर घेतल्या. उजवी अर्ध्यावरच राहिली. आणि मग तो नेहमीचा प्रश्न, एकेक शब्द शोधत. "सर... मी... जिंकलो ना?"

"नाही बेटा," सर म्हणाले. "हरलास तू."

किरणला वाटलं, सर चेष्टा करतात. त्याने तीन बोटं दाखवली, मग दोन. "तीन... दोन."

"ते कार्ड चुकलं होतं. मी चुकलो होतो. तू पडलास ना? पडला तो हरला. संपली लढत. आता उभं राहायचं नाही. बस खाली."

किरणने माझ्याकडे बघितलं. "मॅडम?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तो बसला. वर धरलेली उजवी मूठ उघडेना, तशी डाव्या हाताने त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. मग तोंड भिंतीकडे केलं. मंदाताई दारात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"एवढं एकच होतं हो त्याच्यापाशी," त्या म्हणाल्या. "कशाला सांगितलं?"

"आता उठणार नाही तो," सर म्हणाले. "पडणार नाही."

मंदाताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. त्यांनी आम्हाला जा म्हटलं नाही. किरणजवळ जाऊन बसल्या आणि आमच्याकडे पाठ केली.

सर गाडीत बसले नाहीत. बस धरीन म्हणाले आणि डांबरी रस्त्याच्या कडेने चालायला लागले. मी बराच वेळ गाडीतच बसून होते, मग चालू करून त्यांना गाठलं आणि काच खाली केली. "सर, बसा. ऊन झालंय."

ते थांबले. खिडकीशी वाकले. एवढ्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"मॅडम, तुम्ही मान का हलवलीत?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणालो ते मला म्हणावंच लागणार होतं. तुम्हाला नव्हतं. तुम्ही नाही म्हणायचं होतं, तुमच्या कार्डावर तो जिंकला होता. तो तुम्हाला विचारत होता."

मागून द्राक्षांची पिकअप हॉर्न वाजवत आली, तशी मला गाडी पुढे घ्यावी लागली. आरशात ते दिसले. रस्ता सोडून मातीत उतरले होते, पिकअप जाईपर्यंत थांबले, आणि मग निफाडच्या दिशेने पुन्हा चालायला लागले.